दहा शब्द आणि एक गोलकीपर

दिवाळी अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "ताई, अगदी मनमोकळं लिहा हं." तिथेच मला शंका आली. मनमोकळं लिहा म्हणणाऱ्या माणसाला आपल्याकडून नक्की काय काढून घ्यायचंय, हा विचार माझ्या डोक्यात आधी येतो, बाकीचे मागून.

मी जन्मापासून अशी नव्हते हो. नागपूरला फिजिओथेरपी शिकून इथे इंग्लंडात आले तेव्हा चांगली भोळी होते. पहिली काही वर्षं हॉस्पिटलात काढली. पेशंट म्हणाला दुखतंय, की दुखतंय. मग एका फुटबॉल क्लबात नोकरी लागली आणि सगळं उलटं झालं. हॉस्पिटलात माणूस नसलेलं दुखणंसुद्धा सांगतो, क्लबात असलेलं लपवतो. तिथे बावीस वर्षं काढल्यावर स्वभाव सरळ राहील कसा?

क्लबाचं नाव लिहीत नाही. तिसऱ्या डिव्हिजनमधला साधा क्लब, टीव्हीवर दिसला तर खालच्या स्कोअरच्या पट्टीत. स्टॅनमोरच्या घरून गाडीने मी तासाभरात पोचायचे. तिथे रोजची कामं खूप, पण माझं खरं काम म्हणजे 'मेडिकल'. एक क्लब दुसऱ्याकडून खेळाडू घेतो, तेव्हा सही करण्याआधी त्याची तपासणी होते. लग्नाआधी मुलगी बघायला जातात ना, तसलाच प्रकार, फक्त इथे गुडघे उघडे ठेवून बसायचं असतं. हृदय, रक्त वगैरे क्लबचे डॉक्टर बघायचे. सांधे, स्नायू आणि डोक्याची साधी चाचणी माझ्याकडे. मी 'हो' लिहिलं की सही, 'नाही' लिहिलं की तो आल्या पावली परत.

आता हा परत गेलेला खेळाडू कुठे जातो? बहुतेकदा कुठेच नाही. "मेडिकलमध्ये नापास" ही बातमी त्याची गाडी मोटरवेला लागायच्या आत सगळीकडे पोचलेली असते. म्हणून ते लपवतात. कुणी सकाळीच वेदनाशामक गोळ्या घेऊन येतो, कुणी घोट्याला रात्रभर बर्फ लावून. मी विचारायचे, "कसं वाटतंय?" आणि शंभरातले नव्वद जण सांगायचे, "एकदम मस्त." हे दोन शब्द ऐकले की मी चष्मा पुसून घ्यायचे. ज्याला काही होत नाही तो म्हणतो, परवा जरा पाठ धरली होती. 'एकदम मस्त' म्हणणाऱ्याच्या घरात कुठेतरी पाणी मुरतंय, हे नक्की समजा.

माझी एक युक्ती होती. माझ्या खोलीची खिडकी कार पार्कवर उघडायची. खेळाडू यायच्या वेळी मी खोलीतला दिवा बंद करून खिडकीशी उभी राहायचे. माणूस गाडीतून उतरताना खोटं बोलू शकत नाही. आधी कुठला पाय टाकतो, दाराला धरून उठतो का, बॅग कुठल्या खांद्यावर घेतो. खोलीत आल्यावर तो हरणासारखा उड्या मारून दाखवेल, पण गाडीतून उतरताना त्याला वाटतं आपल्याला कोण बघतंय! नवरा म्हणायचा, "तू चुकून फिजिओ झालीस, पोलिसात जायला हवं होतंस." आणि माझी लेक, इथेच वाढलेली, तिच्या मराठीत म्हणायची, "आई, तुझा नोकरी खूप क्रीपी आहे."

ही युक्ती एकदा माझ्यावर उलटली, तेही सांगते. एक मिडफिल्डर गाडीतून उतरला आणि डावा पाय जपत जपत आला. खोलीत काही सापडेना. घोटा ठीक, गुडघा ठीक, पण मी डोळ्यांनी बघितलं होतं ना! मी 'नाही' लिहिलं. पुढच्या सीझनला त्याने दुसऱ्या क्लबाकडून येऊन आमच्यावरच दोन गोल मारले. मॅचनंतर मी त्याला विचारलं, त्या दिवशी लंगडत का होतास? तो म्हणाला, "मेडिकलसाठी म्हणून नवे बूट घेतले होते. चावत होते." बाई गं! मला घरी येऊन जेवण गेलं नाही.

म्हणजे माझा संशय खोटाही ठरायचा. हे लक्षात ठेवा, कारण पुढे डॅनी येतोय.

डॅनी हे खरं नाव नाही. वय एकोणतीस, गोलकीपर. एके काळी मोठ्या क्लबांची माणसं त्याला बघायला येत. मग एका सीझनमध्ये त्याचं सगळं बिघडलं. बाजूने उंचावरून आलेला बॉल त्याच्या हातातून सुटायला लागला. एक सुटला, दोन सुटले, मग प्रत्येक मॅचला एक. पेपरवाले लिहीत होते, त्याचा आत्मविश्वास गेला. त्याचेच प्रेक्षक त्याने बॉल धरला की टाळ्या वाजवायचे, थट्टेने. गोलकीपरचं असं होतं बघा, बाकीचे दहा जण चुकले तर सावरायला मागे कुणीतरी असतं, हा चुकला की मागे फक्त जाळी.

आमचा मॅनेजर, ज्याला सगळे गॅफर म्हणायचे, त्याने जानेवारीच्या शेवटी ठरवलं की हा डॅनी आपल्याला हवा. अदलाबदल करायची, आमचा स्ट्रायकर लुईस तिकडे आणि डॅनी इकडे. मला म्हणाला, "त्याच्या हातांना काही झालेलं नाही. जागा बदलली की माणूस बदलतो. मी त्याला परत उभा करतो." गॅफर मनाने वाईट नव्हता. पण हे वाक्य मी त्याच्या तोंडून आधी पाच जणांबद्दल ऐकलं होतं, आणि त्यातले चार जण उभे राहिले नव्हते.

सीझनच्या मध्यात खेळाडूंची बदली जानेवारीअखेरीपर्यंतच करता येते. तो शेवटचाच दिवस होता. संध्याकाळपर्यंत कागद गेले तर गेले, नाहीतर सगळं बोंबललं.

सकाळी मी पलीकडच्या क्लबच्या फिजिओला फोन केला. ग्रॅहम त्याचं नाव समजा. आमच्या धंद्यात ही रीत आहे, येणाऱ्या खेळाडूचं त्याच्या फिजिओला विचारायचं, आणि त्याने सांगितलेलं कमी ऐकायचं, न सांगितलेलं जास्त. ग्रॅहम म्हणाला, "डॅनी या आठवड्यात रोज प्रॅक्टिसला होता."

झालं! माझे कान टवकारले. 'रोज प्रॅक्टिसला होता' हे उत्तर मी चांगलं ओळखत होते. हे आम्ही कधी देतो, तर वाक्य खरं असतं आणि गोष्ट खोटी असते तेव्हा. मी मनात म्हटलं, हा माणूस काहीतरी दाबतोय.

मग त्याने विचारलं, "आणि तुमच्या लुईसचा गुडघा?"

मी म्हटलं, "रोज प्रॅक्टिसला होता."

आता खरं सांगते. लुईस रोज प्रॅक्टिसला होता हे खरं, पण प्रॅक्टिसनंतर रोज माझ्या टेबलावर तासभर असायचा हेही खरं. गुडघ्यातली कूर्चा झिजत चालली होती. गॅफरला तो देऊन टाकायचा होता त्याचं अर्धं कारण तेच. मला तसं कुणी "सांगू नकोस" म्हटलं नव्हतं. पण न सांगण्याबद्दल मी पगार घेते, हे मला माहीत होतं. चोराच्या वाटा चोराला ठाऊक म्हणतात, त्यातली चोर मी होते.

दुपारी डॅनी आला. मी खिडकीशी. अगदी सरळ उतरला, बॅग झटक्यात खांद्यावर. पण दार लावल्यावर तो तिथेच थांबला. वर आकाशाकडे बघून त्याने डोळे मिटले आणि दोन-तीन सेकंद गाडीच्या टपावर हात ठेवून उभा राहिला. मग आला. मला वाटलं देवाचं नाव घेत असेल. मेडिकलच्या आधी बरेच घेतात.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"एकदम मस्त."

चष्मा पुसला. खांदे बघितले, मनगटं बघितली, एकेक बोट वाकवून बघितलं. मला वाटत होतं की खांद्यातच असणार, म्हणून मी त्याचा डावा खांदा अर्धा तास पिळून काढला. तो शांतपणे पिळून घेत होता. खांदा सोन्यासारखा. मी मनातून चिडले. ग्रॅहम काय लपवतोय ते सापडत कसं नाही?

शेवटी राहिली डोक्याची चाचणी. खरं तर ती फक्त नोंदीसाठी असते. मी दहा शब्द वाचायचे, साधे, घरातल्या वस्तूंची वगैरे नावं, आणि त्याने आठवून सांगायचे. आज त्याला किती आठवतात ते लिहून ठेवायचं, म्हणजे पुढे कधी डोक्याला मार बसला तर तुलना करता येते. छापलेल्या शब्दांच्या मोजक्याच याद्या असतात, सगळ्या क्लबांत त्याच.

मी वाचायला लागले. पहिला शब्द, दुसरा, तिसरा. चौथा शब्द वाचायला मी तोंड उघडलं आणि मला दिसलं की त्याचे ओठ आधीच हललेत. आवाज नाही, नुसते ओठ. पाचव्यालाही तेच. मी संपवलं आणि त्याने दहाच्या दहा शब्द क्रमाने म्हणून दाखवले, आम्ही शाळेत पाढे म्हणायचो तसे घडाघडा.

धडधाकट माणसाला सात आठवतात, आठ आठवतात, तेही मागेपुढे. आणि हा दहाही क्रमाने! मी म्हटलं, "वा, छान." आणि कागद खाली ठेवला.

पर्समध्ये माझी सामानाची चिठ्ठी होती. त्या शनिवारी माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, तीसेक बायका यायच्या होत्या. इथल्या दुकानात जायचं म्हणून चिठ्ठी इंग्रजीतच लिहिलेली. ती मी पर्सच्या आडोशाने उघडली आणि वाचली, जणू सरकारी यादीच आहे. तीळ, कागदी प्लेटा, दाणे, काडेपेटी, सुई, लवंग, दोरा, साबण, नारळ, चमचे.

त्याचे ओठ हलले नाहीत.

"सांग," मी म्हटलं.

"तीळ," तो म्हणाला. मग खूप वेळाने, "काडेपेटी." मग, "चमचे." आणि त्यानंतर काही नाही. एकोणतीस वर्षांचा उंचापुरा गडी, त्याच्या कपाळावर घाम आला. म्हणाला, "परत वाचा, मी तयार नव्हतो." मी परत वाचली. या वेळी चार आले.

मी दिव्याकडे बोट दाखवलं. "वर बघ." त्याने बघितलं आणि डोळे मिटले. कार पार्कमध्ये मिटले होते तसेच.

"झोप लागते का रे नीट?" मी विचारलं.

मग तो बोलला. ऑगस्टमध्ये प्रॅक्टिसला स्वतःच्याच टीममधल्या एकाचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला होता. तो उठला, हात हलवला, ठीक आहे म्हणाला. रात्री घरी उलटी झाली. कुणाला सांगितलं नाही, कारण शनिवारी मोठी मॅच होती. तेव्हापासून रात्रीच्या मॅचला फ्लडलाइटकडे मान वर केली की जग हलतं आणि मग बॉल येतो, पण दोन येतात. "मला दोन्हीपैकी एक निवडावा लागतो, मिसेस पी. कधी चुकीचा निवडतो."

"ग्रॅहमला माहीत आहे?"

"कुणालाच नाही. ग्रॅहमने तीनदा विचारलं. मी एकदम मस्त म्हटलं."

म्हणजे ग्रॅहम काहीच लपवत नव्हता. त्याला जेवढं माहीत तेवढं त्याने सरळ सांगितलं होतं. त्या फोनवर खोटं बोलणारं माणूस एकच होतं, आणि ते नागपूरचं होतं.

"प्लीज," डॅनी म्हणाला. "इथे नवी सुरुवात होईल. गॅफरचा विश्वास आहे माझ्यावर. तुम्ही पहिलीच यादी लिहा ना. दहापैकी दहा. खोटं नाहीये ते."

खोटं नव्हतं. तेच तर. मलाही अशीच खरी वाक्यं येत होती.

मी त्याला म्हटलं, "हे बघ, डोक्याला परत एक मार बसला तर तू गोलकीपर राहणार नाहीस, आणि कदाचित घरचा पत्ताही सांगू शकणार नाहीस. मी 'नाही' लिहिणार. गॅफरला कारण सांगणार नाही. पण आज जाऊन तुझ्या डॉक्टरला सगळं सांग. नाही सांगितलंस तर मी सांगेन, मग तुला काय म्हणायचं ते म्हण."

तो उठला. "तुम्ही मला संपवलंत," एवढंच म्हणाला. टेबलावरची चिठ्ठी त्याने मुठीत चुरगाळली आणि तशीच घेऊन निघून गेला. त्याला वाटलं असेल तो माझा पुरावा आहे. शनिवारी हळदीकुंकवाला चमचे नव्हते, काडेपेटी नव्हती, आणि तीस बायकांनी तिळाची खीर कपाने प्यायली.

गॅफर माझ्यावर जे ओरडला ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. अदलाबदल फिसकटली, तिकडे मेडिकलला गेलेला लुईस त्याच संध्याकाळी परत आला. त्याचा गुडघा मार्चमध्ये आमच्याच मैदानावर गेला, भर मॅचमध्ये. दुसऱ्या दिवशी ग्रॅहमचा मेसेज आला. "लुईसचं ऐकून फार वाईट वाटलं. आधीपासून काही होतं का?" त्या माणसाच्या मनात काळंबेरं नव्हतं, साधी चौकशी होती. मी आठ-दहा वेळा उत्तर लिहायला घेतलं. ते उत्तर आजपर्यंत गेलेलं नाही. माझ्या नोकरीत मला कशाची लाज वाटत असेल तर याची.

डॅनीने डॉक्टरला सांगितलं होतं, एवढं मला कळलं. त्याचं खेळणं बंद झालं, उन्हाळ्यात त्याच्या क्लबाने त्याला सोडून दिलं. नंतर बरेच महिने काही नाही. पेपरात नाव नाही. मी घरात कपडे इस्त्री करताना मध्येच थांबायचे. नवरा म्हणायचा, "तू त्याला वाचवलंस गं." मी म्हणायचे, "कशावरून? बूट चावत असतील तर?" तो म्हणायचा, "डोक्याला बूट चावतात का?" मी परत इस्त्री फिरवायला लागायचे.

दोन सीझन गेले. एका शनिवारी आमच्याकडे पाहुणी टीम आली, त्यांच्या यादीत गोलकीपर म्हणून त्याचं नाव. मी बाकावर बसून नव्वद मिनिटं दुसरं काही बघितलं नाही. फ्लडलाइट लागले होते. आमच्या मुलांना गॅफरने बहुतेक मुद्दाम सांगितलं असावं, सारखे उंच बॉल टाकत होते. त्याने अकरा धरले. मी मोजले. एकही सुटला नाही. तरी माझ्या मनात येत होतं की आज नशीब जोरावर असेल, वारा पडलाय, आमची मुलंच नीट टाकत नाहीयेत.

मॅच संपल्यावर तो माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. बोटांवर मोजत म्हणाला, "तीळ, कागदी प्लेटा, दाणे, काडेपेटी, सुई, लवंग, दोरा, साबण, नारळ, चमचे."

मला हसूही आलं आणि रडूही. पण तोंडातून काय निघालं? "हे तू पाठ केलंयस."

"केलंय," तो म्हणाला. खिशातून चिठ्ठी काढली, घड्यांवर फाटलेली, माझ्याच अक्षरातली. "नऊ महिने अंधाऱ्या खोलीत पडून होतो. रोज सकाळी किती आठवतात ते बघायचो. सहा आले त्या दिवशी आईला फोन केला."

"पाठ केलेलं चालत नाही मला."

"माहीत आहे. म्हणून तर आलोय. नवे द्या."

मी दिले. उभ्या उभ्या, मनाला येतील ते दहा शब्द, बोटांवर मोजत. मग त्याला मुद्दाम पाच मिनिटं बोलण्यात गुंतवलं. त्याची बायको, कुत्रा, घराचं भाडं. मग म्हटलं, "हं, सांग."

त्याने सांगितले. क्रमाने नाही, मागेपुढे, अडखळत, आठवून आठवून. धडधाकट माणूस सांगतो तसे. नऊ झाले. मला फार बरं वाटलं.

"दहावा राहिला," तो म्हणाला. "काय होता हो?"

मी तोंड उघडलं. शब्द मीच दिला होता, पाच मिनिटांपूर्वी. लिहून ठेवला नव्हता. मी परत बोटांवर मोजायला लागले, पहिल्यापासून. सहाव्याशी अडखळले. परत सुरू केलं. तो माझ्याकडे बघत होता, आणि ती नजर मी ओळखली, कारण बावीस वर्षं खिडकीशी उभं राहून मी तशीच बघत आले होते.

"मिसेस पी," तो हळूच म्हणाला, "झोप लागते ना तुम्हाला नीट?"

"एकदम मस्त," मी म्हटलं.